गाडी कामासाठी नाही, पार्टसाठी उभी आहे

प्रश्न : दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर माझं नऊ वर्षांपासून दुचाकीचं गॅरेज आहे. मी आणि दोन पोरं. महिन्याचा गल्ला 1,40,000. पार्टचे 68,000, पोरांचा पगार 22,000, भाडं-वीज 9,000 वजा जाता 41,000 उरतात. बँक 12 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी 6 लाख देते म्हणते, आईच्या नावची शेती तारण मागते. दोन लिफ्ट 96,000, स्कॅनर 28,000, कॉम्प्रेसर-पाने 76,000, वॉशिंग 1,60,000 आणि शेड 2,40,000, असा हिशेब आहे. रोज पाच-सहा गाड्या होतात, त्या दहा व्हाव्यात. घ्यावं का?

उत्तर :

भाऊ, एवढं मोठं कर्ज आत्ता घेऊ नका. वाढायची तुमची इच्छा योग्यच आहे, पण तुम्ही पाठवलेली पंधरा दिवसांची वही वेगळंच सांगते. त्यात 84 गाड्या आहेत. पैकी 29 गाड्या रात्री गॅरेजातच राहिल्या. प्रत्येकीपुढे तुम्ही कारण लिहिलंत, हे फार चांगलं केलंत. 20 गाड्या पार्ट नव्हता म्हणून थांबल्या, 5 मालकाच्या होकारासाठी किंवा पैशांसाठी, आणि हात कमी पडले म्हणून फक्त 4. म्हणजे लिफ्ट कितीही चांगली आणली तरी त्यातल्या 20 गाड्या तिच्यावर चढून यवतमाळहून येणाऱ्या बेअरिंगचीच वाट पाहतील. त्यात एक पोरगा पार्ट आणायला बसने जातो आणि त्याचा अर्धा दिवस जातो, तो वेगळाच.

आता हप्ता बघा. 6 लाखांचा हप्ता महिना सुमारे 13,350 बसतो. पार्टचे पैसे वगळले तर एका गाडीमागे तुम्हाला सरासरी 430 रुपये सुटतात. नुसता हप्ता फेडायलाच महिन्याला 31 गाड्या जास्त लागतील, तुमच्या हातात त्यातलं काही राहणार नाही. शिवाय आपल्याकडे पैसा बारमाही येत नाही. पेरणी, खत, फवारणीत आषाढ-श्रावणात लोकांचे खिसे रिकामे होतात, आणि सोयाबीनची सोंगणी होईपर्यंत गाडी ढकलत नेतील पण क्लचप्लेट बदलणार नाहीत. बँकेचा हप्ता मात्र पोळ्याच्या महिन्यातही ठरल्या तारखेलाच जातो. यवतमाळ जिल्ह्यात राहून मी अशा हप्त्यांनी घरं हललेली पाहिली आहेत, म्हणून जरा कडक बोलतो आहे.

शेड तर बांधूच नका. जागा भाड्याची, करार अकरा महिन्यांचा. उद्या मालकाने जागा मागितली तर 2,40,000 त्याच्या जागेत राहतील. वॉशिंगही नको, उन्हाळ्यात पाणी विकत घ्यावं लागतं हे तुम्हीच लिहिलंय.

गाडीच्या सेन्सरमधला बिघाड दाखवणारा स्कॅनर मात्र घ्याच. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6 म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या आल्या, स्प्लेंडरसारख्या गाडीतही कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्या गाड्यांची वॉरंटी आता संपत चालली आहे आणि त्या तुमच्यासारख्यांकडे वळतील. अंदाजाने सेन्सर बदलून पाहणं गिऱ्हाइकालाही महाग पडतं. लिफ्ट एकच घ्या, पण ती वेग वाढेल म्हणून नव्हे, तुमच्या कंबरेसाठी. बेचाळिसाव्या वर्षी वाकता येईना असं तुम्ही सहज लिहून गेलात. गॅरेजची सगळी कमाई त्या कंबरेवर आहे.

आणि 60,000 पार्टमध्ये घाला. वहीत फिरून फिरून तीच पाच-सहा मॉडेलं येतात. त्यांचे ब्रेक शू, केबल, क्लचप्लेट, चेन-स्प्रॉकेट, बेअरिंग, प्लग, फिल्टर एवढंच ठेवा. वर्षातून एकदा लागणारा माल भरू नका. ठोकवाल्याकडून नवीन दरपत्रक मागा, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून दुचाकीच्या पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे.

लिफ्ट 48,000, स्कॅनर 28,000, पार्ट 60,000, मांडणी आणि थोड्या पान्यांना 14,000 : एकूण दीड लाख. हे मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटात बसतं, त्याला शेतीचं तारण लागत नाही. आईचा सातबारा घरीच ठेवा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, नसेल तर आधी करून घ्या, ती ऑनलाइन फुकट होते. तीन वर्षांत फेडायचं धरलं तर हप्ता सुमारे 4,980, म्हणजे महिन्याला बारा गाड्या जास्त. थांबलेल्या 20 पैकी निम्म्या जरी त्याच दिवशी सुटल्या, तरी बारा गाड्यांची जागा आणि वेळ आरामात निघतो.

एक गोष्ट तुम्ही शेवटी, ओझरती लिहिलीत : उधारी 1,65,000. मी सांगतोय त्या कर्जाहून ही रक्कम मोठी आहे! गावात उधारी बंद करता येत नाही, आणि शेतकरी बुडवतोय असंही नाही, त्याचा पैसा पिकासोबत येतो. म्हणून मजुरी उधार चालेल, पण पार्टचे पैसे गाडी खोलण्याआधी घ्या. तुम्ही तो पार्ट रोखीने आणता, हे लोकांना समजतं. जुन्या उधारीपैकी निम्मी यंदा सोयाबीन-कापसावर वसूल झाली, तर पुढच्या वर्षी पार्ट भरायला बँकेत जावंच लागणार नाही.

‘का थांबली’ हा रकाना पुढची दिवाळी होईपर्यंत चालू ठेवा. हात कमी पडले म्हणून थांबलेल्या गाड्या महिन्याला पंधराच्या वर गेल्या, तर दुसऱ्या लिफ्टचं बोलू. तेव्हा वहीची पानं पुन्हा पाठवा.