तात्यांबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय बाळा,

तात्यांच्या अंत्ययात्रेची गर्दी बघून तू विचारलंस, "एवढ्या सगळ्यांना त्यांनी आगीतून बाहेर काढलं होतं का?" नाही रे. त्यातल्या बहुतेकांच्या घराला कधी आग लागलीच नाही. आता तू अग्निशमन दलात भरती झाला आहेस, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

ड्युटी संपली की तात्या आपल्या फायर स्टेशनच्या आसपासच्या चाळींत एक चक्कर टाकायचे. जिन्याखाली पिंपं, सायकली, मोडकी कपाटं दिसली की ती हलवून घेतल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. लोक वैतागायचे. मग ते त्याच जिन्यावर बसून समजावायचे, की आग लागली तर सगळ्यांना इथूनच उतरायचं आहे. स्वयंपाकघरात शिरून बायाबापड्यांना सांगायचे, "गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, आधी रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा." हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो आणि एका ठिणगीने पेट घेतो, हे त्यांनी शेकडो घरांत सांगितलं असेल. धूर भरला तर खाली वाका, रांगत बाहेर पडा, हे पोरांना अक्षरशः रांगायला लावून शिकवायचे. माणूस ज्वाळांआधी धुराने गुदमरतो, हे त्यांनी फार वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी खांदा द्यायला पुढे झालेल्यांत त्या पोरांपैकी कितीतरी जण होते.

तुला येणाऱ्या सगळ्या वर्द्या, म्हणजे मदतीसाठी येणारे निरोप, आगीच्या नसतील. झाड पडेल, लिफ्ट अडकेल, पावसाळ्यात भिंत कोसळेल, संक्रांतीच्या सुमारास मांज्यात घार लटकेल. घारीच्या वर्दीला काही जण तोंड वाकडं करतात. तात्या तिथेही शिडी तितक्याच काळजीने लावायचे. ही सवय तू पहिल्या दिवसापासून लावून घे.

आणि साहित्याची निगा. वर्दीवरून परतल्यावर सगळे चहाकडे वळायचे, तात्या होजकडे, म्हणजे पाण्याच्या पाइपाकडे. प्रत्येक कपलिंगमधल्या, म्हणजे पाइपांच्या जोडामधल्या, रबरी वॉशरवर अंगठा फिरवून बघायचे. चिरलेला वाटला की तिथल्या तिथे बदलायचे. वॉशर गेला की जोडावर पाणी फुटतं, दाब पडतो आणि वर ब्रँच, म्हणजे पाइपाचं तोंड, धरून उभा असलेल्या जवानाच्या हाती नुसती धार उरते. हे काम दुसऱ्यावर सोडू नकोस.

१४ एप्रिलला तू भायखळ्याला दलाच्या शहीद जवानांच्या स्मारकापाशी उभा राहशील. १९४४ साली त्याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला. स्फोटांत आपल्या दलाचे ६६ जण गेले. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, इमारत कोसळली आणि सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई या चार अधिकाऱ्यांना आपण गमावलं. नेसरीकर साहेब तर दलाचे प्रमुख होते. एवढ्या हुद्द्याचा माणूस स्वतः आगीपाशी उभा होता, हे विसरू नकोस. १४ एप्रिलच्या भाषणांत बलिदान हा शब्द बराच येईल. तो खराच आहे. पण मरायला कोणीच गेलं नव्हतं, सगळे काम करायला गेले होते. त्यांच्याकडून ते काम शिक.

आई घाबरली आहे म्हणालास. साहजिक आहे. तात्यांचं घर स्टेशनच्याच क्वार्टर्समध्ये होतं. घंटा झाली की ते भरल्या ताटावरून उठायचे आणि वहिनी काही न बोलता ताट झाकून ठेवायच्या. पण तात्यांनी वहिनींना सगळं समजावून सांगितलेलं होतं. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा कमी झाली की बीए सेटची, म्हणजे धुरात श्वास घेण्याच्या साधनाची, शिट्टी वाजते, आणि ती वाजली की कोणी कितीही पुढे गेलेला असो, मागे फिरायचं. तात्या कायम फिरले. एकदा एका तरुण जवानाने "अजून दोन मिनिटं" म्हटलं, तर त्याला पट्ट्याला धरून बाहेर आणलं आणि नवा सिलिंडर लावूनच पुन्हा आत सोडलं. याला मी धैर्य म्हणतो. धुरात बेशुद्ध पडलेला जवान कोणाला वाचवणार? उलट त्याला काढायला आणखी दोघांना आत जावं लागतं.

रजेच्या दिवशी तात्या मुलांचा अभ्यास घ्यायचे, बाजाराला जायचे, वहिनींना माहेरी घेऊन जायचे. ड्युटीचं कारण सांगून घर टाळणारे मी बरेच पाहिले. तात्यांनी ते कधी केलं नाही. तूही करू नकोस.

तेव्हा आईपासून काही लपवू नकोस. बीए सेट म्हणजे काय, शिट्टी कधी वाजते, आत नेहमी जोडीनेच का जायचं, हे तिला नीट सांग. मोठ्या वर्दीवरून परतलास की होज आवरल्यावर तिला फोन करायचा, हेही आत्ताच ठरवून टाक. तिला अजून काही विचारायचं असेल तर प्रशिक्षणाला जाण्याआधी तिला घेऊन ये, मी आणि वहिनी दोघंही तिच्याशी बोलू.

तुझा,
काका