चांगला प्रॉडक्ट ओनर होण्यासाठी नेमकं काय लागतं?

तुम्ही लिहिलंय की पाच वर्षं टेस्टिंग केल्यावर गेल्या महिन्यात तुम्हाला स्क्रम पद्धतीनं, म्हणजे छोट्या ठरावीक टप्प्यांत, काम करणाऱ्या टीमचं प्रॉडक्ट ओनर केलं, म्हणजे काय आधी बनवायचं हे ठरवणारी व्यक्ती. सगळे 'बॅकलॉग (करायच्या कामांची यादी) सांभाळ' एवढंच सांगतात, पण हे काम चांगलं करायचं म्हणजे काय करायचं, हे कुणी सांगत नाही. सर्टिफिकेट घ्यावं का, असंही विचारलंय.

मी पणजीत एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षं हेच काम करते. आमचं ॲप लहान गेस्ट हाऊससाठी आहे: बुकिंग, पाहुण्यांच्या नोंदी, बिलं. वापरणारे बहुतेक पेडणे आणि बार्देशातले, आठ-दहा खोल्या घरच्या घरी चालवणारे. माझं उत्तर याच अनुभवातून आलेलं आहे, ते तसंच घ्या.

माझ्या मते दोन गोष्टी लागतात. निर्णय घेण्याचा अधिकार, आणि तो वापरता येईल इतकी वापरणाऱ्याच्या कामाची ओळख. अधिकार नसला की तुम्ही निरोप्या होता. साहेबांचा निरोप डेव्हलपरला, डेव्हलपरची अडचण साहेबांना, दिवस संपला. आणि ओळख नसली की अधिकार असूनही सगळं अंदाजपंचे चालतं.

ओळखीचं आधी सांगते, कारण ते तुमच्या हातात आहे.

पहिल्या वर्षी डिसेंबरात मी मांद्रे गावातल्या एका गेस्ट हाऊसमध्ये काउंटरच्या मागे स्टूल टाकून दोन दिवस बसले. चालवणाऱ्या काकी साठीच्या. सकाळी नऊच्या सुमारास एक रशियन जोडपं आलं. काकी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या, पासपोर्ट घेतले, मोबाइलवर त्यांचा फोटो काढला, लांब वहीत नावं लिहिली आणि किल्ली दिली. आमचं ॲप उघडलंच नाही. मी गप्प राहिले. रात्री साडेदहाला, सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर, त्यांनी वही पुढ्यात घेतली आणि दिवसभराचे पाहुणे एकेक करून ॲपमध्ये चढवायला बसल्या. प्रत्येक पाहुणा शोधायला यादी वर-खाली करत होत्या, कारण आम्ही ती आडनावांच्या क्रमानं लावली होती. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "बाय, आडनाव कोण लक्षात ठेवतंय? आम्ही तीन नंबरवाले, सात नंबरवाले असंच म्हणतो."

यादी खोलीच्या नंबराप्रमाणे लावणं अर्ध्या दिवसाचं काम होतं. ते आमच्या बॅकलॉगमध्ये कुठेच नव्हतं आणि कधी आलंही नसतं. काकींना वाटत होतं की ॲप आपल्यालाच जमत नाही. स्वतःला जमत नाही असं वाटणारा माणूस तक्रारीचा ईमेल लिहीत नाही.

त्याच रात्री दुसरी गोष्ट कळली. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर द्यावी लागते. इकडे सगळे त्याला सी-फॉर्म म्हणतात. पासपोर्टचा तपशील, व्हिसाचा तपशील, कुठून आला, पुढे कुठे जाणार. आमच्याकडे एक स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजेच्या रूपात लिहिलेलं काम, पूर्ण झालेली होती: 'मालकाला सी-फॉर्मसाठी लागणारी माहिती ॲपमध्ये साठवता यावी.' टीमनं ती अगदी चोख केली होती, एकही रकाना सुटला नव्हता. पण काकी माहिती भरायला बसायच्या तेव्हा पासपोर्ट पाहुण्याकडे परत गेलेला असायचा, आणि व्हिसाचा फोटो काढायचा राहूनच गेलेला असायचा. मग रात्री अकराला पाहुण्याचं दार वाजवायचं की सकाळपर्यंत थांबायचं?

परत आल्यावर मी ती स्टोरी पुन्हा लिहिली. ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया, म्हणजे काम पूर्ण मानायचे निकष, तीनच ठेवले. पासपोर्ट हातात असतानाच ॲपनं दोन फोटो मागावेत, एक पासपोर्टच्या मुख्य पानाचा आणि एक व्हिसाचा. रेंज नसली तरी फोटो फोनमध्ये राहिले पाहिजेत. २४ तासांतले किती उरले, ते खोलीच्या नंबरासमोर दिसलं पाहिजे. हे कसं करायचं, यावर मी एक अक्षर लिहिलं नाही. ते डेव्हलपरचं काम, आणि किती वेळ लागेल हेही त्यांनीच सांगायचं. तुम्ही टेस्टिंगमधून आलाय, तेव्हा निकष नेमके लिहिण्याची सवय तुम्हाला आहेच. हे फार मोठं भांडवल आहे.

आता अधिकाराचं. इथे माणसं जास्त अडकतात, मीही अडकले होते.

केन श्वेबर आणि जेफ सदरलँड या स्क्रमच्या जनकांनी लिहिलेलं स्क्रम गाइड फुकट मिळतं आणि तासाभरात वाचून होतं. २०२० ची आवृत्ती वाचा. त्यात स्पष्ट म्हटलंय की प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे. बॅकलॉगमध्ये ज्याला बदल हवा असेल त्यानं प्रॉडक्ट ओनरला पटवून द्यावं. स्प्रिंटचं, म्हणजे कामाच्या एका ठरावीक टप्प्याचं, उद्दिष्टच कालबाह्य झालं तर स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार फक्त त्याला. आणि या माणसाला यश यायचं असेल तर त्याचे निर्णय सगळ्या संस्थेनं मानले पाहिजेत. हे शेवटचं वाक्य मी माझ्या वरिष्ठांना छापून दिलंय.

द्यावं लागलं, कारण तिसऱ्या वर्षी एका मोठ्या हॉटेलवाल्या ग्राहकाला आमच्याकडून परस्पर शब्द दिला गेला: दरमहा उत्पन्नाचा रिपोर्ट, आलेखांसकट. मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हाच थांबवायला हवं होतं, मी थांबवलं नाही. दोन-दोन आठवड्यांचे तीन स्प्रिंट त्यात गेले, तेही सप्टेंबर-ऑक्टोबरात, सीझन तोंडावर असताना. लहान मालकांची कामं तशीच पडून राहिली. दोन महिन्यांनी लॉग, म्हणजे ॲपच्या वापराच्या नोंदी, काढून बघितले. रिपोर्ट पहिल्या आठवड्यात उघडला होता, त्यानंतर एकदाही नाही. सहा माणसांचे सहा आठवडे. त्यातले दोघे शनिवारीही येत होते, आणि ते आकडे त्यांना दाखवताना मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर मी पद्धत बदलली. वरून काही आलं की मी 'नाही' असं म्हणत नाही. बॅकलॉगची यादी उघडून समोर ठेवते आणि विचारते, हे वर घ्यायचं तर यातलं काय खाली ढकलू? मी चोडण बेटावरून येते, फेरीबोटीवर गाड्या आत घेणारा माणूस रोज बघते. बोटीत मावतील तेवढ्याच गाड्या तो घेतो. रुग्णवाहिका आली तर तिला आधी घेतो आणि तिच्या जागेची गाडी धक्क्यावर थांबते, हे सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसतं. बॅकलॉगमध्ये ती थांबलेली गाडी दिसत नाही म्हणून सगळ्यांना सगळंच 'अर्जंट' वाटतं. ती दाखवणं आपलं काम. स्क्रम गाइडमध्येही बॅकलॉग 'क्रमानं लावलेला' असतो असंच म्हटलंय. सगळ्यांवर 'हाय प्रायॉरिटी' असा शिक्का मारता येतो, पण क्रमात पहिला नंबर एकालाच मिळतो.

क्रम लावताना कॅलेंडर बघा, हे मी इथे शिकले. २० डिसेंबर ते नवीन वर्षाचा पहिला आठवडा आम्ही ॲपमध्ये काहीही नवं देत नाही. फक्त बिघाड दुरुस्त करतो. मालकांना तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसतो, एखादं बटण सरकलं तरी त्यांचा दिवस बिघडतो. मोठे बदल पावसाळ्यात. जून-जुलैत खोल्या रिकाम्या असतात, मालक निवांत बोलतात, स्प्रिंट रिव्ह्यूला (स्प्रिंटअखेर झालेलं काम दाखवायची बैठक) स्वतः येऊन बसतात. गणेश चवथीच्या आठवड्यात मात्र कुणाला बोलावू नये, घरोघरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची गडबड असते. तुमच्या ग्राहकांचंही असं काहीतरी वेळापत्रक असेलच, ते शोधून काढा.

टीमला तुम्ही सापडलं पाहिजे. २००१ साली सतरा जणांनी लिहिलेल्या ॲजाइल जाहीरनाम्यात (स्क्रमसारख्या पद्धतींमागचा विचार मांडणारा मजकूर) 'प्रॉडक्ट ओनर' हा शब्द नाही, पण त्यासोबतच्या बारा तत्त्वांत एक असं आहे की व्यवसायाची माणसं आणि डेव्हलपर यांनी रोज एकत्र काम करावं. मी रोज साडेअकरा ते साडेबारा टीमच्या टेबलाशी बसते, त्या तासात मीटिंग घेत नाही. डेव्हलपरच्या प्रश्नाला दोन दिवस उत्तर मिळालं नाही तर तो स्वतःच काहीतरी ठरवून पुढे जातो, आणि ते चुकलं तर दोष त्याला देता येत नाही.

सर्टिफिकेटबद्दल: सीएसपीओ (सर्टिफाइड स्क्रम प्रॉडक्ट ओनर) प्रशिक्षणाला बसून मिळतं. पीएसपीओची (प्रोफेशनल स्क्रम प्रॉडक्ट ओनर) पहिली परीक्षा घरी बसून देता येते, ६० मिनिटांत ८० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ८५ टक्के. नोकरी बदलायची असेल तर उपयोग होतो, आणि परीक्षेच्या निमित्तानं गाइड नीट वाचलं जातं. पण तुम्हाला नेमून जेमतेम महिना झालाय, सहा महिने थांबलात तरी बिघडत नाही. त्याआधी तुमचं उत्पादन रोज वापरणारा एक माणूस शोधा आणि एक अख्खा दिवस त्याच्या शेजारी बसून या. सोबत फक्त वही न्या. त्यानं विचारल्याशिवाय कुठलं बटण कुठे आहे ते सांगू नका.