अंथरणात वाचवलेले पैसे गेले कुठे?

प्रश्न : माझ्याकडे बारा दुभत्या गाई आहेत. गोठ्यात रबरी मॅट बसवण्यासाठी 11 टक्के व्याजाने कर्ज घ्यावे का? मॅट आल्यावर अंथरणाचा खर्च बंदच होईल. दोन वर्षांपासून भुसा रोज न बदलता चौथ्या दिवशी बदलतो; त्यात दिवसाला चार लिटर दुधाचे पैसे वाचतात आणि त्यातून 15 वर्षांच्या पॉलिसीचा हप्ता भरतो. शेवटी भरलेल्या रकमेच्या दुप्पट मिळेल, असे एजंट म्हणतो. या काळात कासदाह (जंतूंमुळे कासेला येणारी सूज) मात्र वाढला. तीन गाई दोन-दोन लिटरने उतरल्या आहेत.

उत्तर : रबर मूत्र शोषत नाही, त्यामुळे मॅटवरही कोरडे अंथरण लागतेच, आणि ज्या बचतीतून आपण कर्ज फेडणार आहात ती बचत होणारच नाही. कर्ज घेऊ नये.

खरी चूक आपण जाता जाता लिहून गेला आहात. गाय दिवसाचे बारा-चौदा तास बसून काढते. ओल्या, शेणाने माखलेल्या भुशात जंतू वाढतात आणि कास तासन्‌तास त्यालाच टेकलेली असते. आपण वर्षाला सुमारे दीड हजार लिटर दुधाचे पैसे वाचवले. उलट बाजूला तीन गाईंची घट सहा लिटर रोज, म्हणजे वर्षाला 2,200 लिटर. औषधाच्या दिवसांत ओतून द्यावे लागलेले दूध आणि खुद्द औषधे यांचा हिशेब मी अजून धरलेलाच नाही.

आणि हे सारे कशासाठी? पंधरा वर्षे दरवर्षी हप्ता भरून शेवटी एकूण रकमेच्या दुप्पट मिळणे म्हणजे वर्षाला जेमतेम 8 टक्के, तेही एजंटचा शब्द खरा ठरला तर. 'दुप्पट' हा शब्द ऐकून माणसे गणित करायचे विसरतात, याची मला आता चीड येते. एकीकडे 8 टक्क्यांच्या आशेवर हप्ता भरायचा आणि दुसरीकडे 11 टक्क्यांनी कर्ज काढायचे, हा व्यवहार कोणत्याही बाजूने जुळत नाही.

पॉलिसी आज बंद केल्यास किती परत मिळेल आणि पुढचे हप्ते न भरता चालू ठेवल्यास किती, हे कंपनीकडून लेखी मागवावे. घर आपल्या कमाईवर चालत असेल तर आधी साधा मुदत विमा (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा) घ्यावा आणि मगच हप्ते थांबवावेत, कारण गेलेल्या दोन हप्त्यांच्या हळहळीपोटी आणखी तेरा भरणे परवडणारे नाही.

सुटलेला हप्ता पुन्हा भुशाकडे वळवावा आणि बसण्याच्या जागेचा मागचा, कासेखालचा भाग रोज कोरडा करावा. धार काढल्यावर सडाचे छिद्र अर्धा-पाऊण तास उघडे राहते आणि गाय लगेच बसली तर त्यातून जंतू आत शिरतात, म्हणून त्याच वेळी गव्हाणीत ताजा चारा टाकावा, म्हणजे गाय उभी राहते. याला पैसा लागत नाही. मॅटचा विचार तीनही गाईंचे दूध पूर्ववत झाल्यावर, आणि कर्जाशिवाय जमत असेल तरच करावा.