गुरुवारी दवाखान्यात मी नक्की कुणासाठी जाते?

मी समुपदेशक आहे, माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा एक प्रश्न फिरून फिरून येतो, शब्द वेगळे असतात पण मुद्दा तोच. मी सेवा करतो, प्रार्थना करतो, अर्पण देतो, पण आत डोकावलं तर हे सगळं माझ्यासाठीच चाललंय असं दिसतं, मग माझा विश्वास खोटा का? यावर एका ताईंची केस सांगतो. त्यांना विचारूनच लिहितोय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई पन्नाशीच्या आसपास, नगर जिल्ह्यातल्या (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून लागायचीय) एका जुन्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या), महिला मंडळात कायम पुढे. सहा वर्षांपूर्वी मिस्टरांची बायपास चालू असताना बाहेर बाकड्यावर बसून त्यांनी देवाला शब्द दिला, हे वाचले तर दर गुरुवारी सरकारी दवाखान्यात जाऊन पेशंटसाठी प्रार्थना करीन. मिस्टर वाचले. ताई जायला लागल्या, पाऊस असो नाहीतर घरात लग्न असो, गुरुवार चुकला नाही.

यंदा उपवासकाळात (ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस) बाहेरगावचे एक वक्ते आले होते, ते म्हणाले की काहीतरी मिळावं म्हणून जो देवाकडे येतो तो देवाची नाही, स्वतःचीच भक्ती करतो. झालं. ताई ते वाक्य घरी घेऊन आल्या आणि झोपेपर्यंत तेच घोळवत बसल्या. मला म्हणाल्या, "सर, शेजारच्या काकू नवस फेडायला मोहटादेवीला जातात तेव्हा मी मनात हसायचे. मी तरी काय वेगळं केलं? सौदाच केला ना?"

मग त्यांनी पर्समधून दोनशेपानी वही काढली. रोज केलेलं काम आणि पुढे शेरा, 'देवासाठी' का 'माझ्यासाठी'. आजारी बाईला डबा नेला, माझ्यासाठी, कारण पाळकबाईंनी कौतुक केलं. अर्पण वाढवलं, माझ्यासाठी, कारण पाकिटावर नाव असतं. प्रार्थनेत रडू आलं, तेही माझ्यासाठी, कारण रडताना मागच्या बाकावर कोण बसलंय ते मला माहीत होतं. (हे वाचताना मला हसू आलं, मग त्यांनाही आलं.) पण पाच गुरुवार झाले होते, दवाखान्यात जाणं बंद. हेतू शुद्ध झाला की जाईन म्हणे.

पहिल्या भेटीत मी चुकलो. घाईघाईने म्हणालो, अहो सगळेच थोडेफार स्वार्थी असतात, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. त्या गप्प झाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. नंतर माझ्या लक्षात आलं की मला त्यांना लवकर बरं वाटायला हवं होतं, म्हणजे मी चांगला समुपदेशक आहे असं मला वाटायला हवं होतं! माझा शेरा कुठल्या रकान्यात गेला असता ते सांगायला नको.

दुसऱ्या वेळी बायबलच उघडलं, कारण त्यांची भीती तिथूनच आली होती. लूक १५ मध्ये येशूने सांगितलेल्या गोष्टीतला, बापाकडून वाटणी घेऊन ती उधळणारा धाकटा मुलगा घरी का परतला? बापाची आठवण येऊन? नाही हो, पोटात कावळे ओरडत होते, बापाच्या घरी मजुरांनासुद्धा पोटभर भाकरी मिळते हे आठवलं म्हणून निघाला, वर काय बोलायचं ते पाठ करून. बाप धावत गेला, मिठी मारली, आणि ते पाठ केलेलं भाषणही पुरतं होऊ दिलं नाही. हेतूची चौकशी कुठेच नाही. मार्क १० मध्ये येशूचे दोन शिष्य, जब्दीचे मुलगे, उघडउघड त्याच्या उजवी-डावीकडची मानाची जागा मागतात, येशू त्यांना हाकलत नाही, मोठं व्हायचंय ना, मग सेवक व्हा म्हणतो. आणि प्रेषित पौल फिलिप्पैच्या पत्रात कैदेतून लिहितो की काही जण हेव्याने, मला त्रास व्हावा म्हणून ख्रिस्ताची घोषणा करतात, पण घोषणा होतेय ना, मला आनंद आहे. हेवा चांगला असं तो म्हणत नाही, पण हेतू गाळून स्वच्छ होईपर्यंत काम थांबवा असंही म्हणत नाही. बाराव्या शतकातल्या क्लेअरव्होच्या बर्नार्ड या मठवासी संताने देवावरच्या प्रेमाच्या चार पायऱ्या सांगितल्यात, त्यात स्वतःच्या फायद्यासाठी देवावर प्रेम करणं ही दुसरी पायरी आहे. म्हणजे तिथेच बसून राहायचं नाही, पण जिन्यावर आहात, बाहेर नाही.

ताई ऐकत होत्या, पण खरं काम झालं ते वहीने. मी विचारलं, यात दवाखान्यातल्या एका तरी पेशंटचं नाव आहे का? त्यांनी पहिल्या पानापासून पाहिलं. नव्हतं. पानापानावर मी गेले, मला वाटलं, माझा हेतू. स्वार्थ शोधायला बसलेली बाईसुद्धा दिवसभर स्वतःकडेच बघत होती, नुसतं आरशाचं नाव बदललं होतं.

इथे एक थांबून सांगतो. कुणाला हे तपासणं थांबवताच येत नसेल, झोप उडाली असेल, एकच पाप पुन्हा पुन्हा कबूल करूनही सुटल्यासारखं वाटत नसेल, तर तो ओसीडीचा (नको असलेला तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याच्या आजाराचा) प्रकार असू शकतो, त्याला मानसोपचारतज्ज्ञ लागतो आणि उपचार आहेत. लोयोलाचा संत इग्नेशियस १५२२ च्या सुमारास स्पेनमधल्या मान्रेसाला असताना असाच अडकला होता, वारंवार पापकबुली करूनही चैन नाही, जीव द्यावा इथपर्यंत विचार गेले होते. विश्वास कमी म्हणून असं होतं हे डोक्यातून काढा. ताईंचं तसं नव्हतं, जेवणझोप ठीक होती.

त्यांना मी एवढंच सांगितलं की येत्या गुरुवारी जा, हेतू जसा आहे तसाच घेऊन जा, आणि आधी प्रार्थना नको, आधी विचारा काय हवंय.

पुढच्या भेटीला आल्या त्या जरा चिडूनच. एका म्हाताऱ्या आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, थर्मासमध्ये गरम पाणी आण आणि खारी मिळाली तर बघ. पाणी आणलं, खारी आणली, तोवर भेटायची वेळ संपली, प्रार्थना राहूनच गेली. "मग मंडळात गुरुवारचा रिपोर्ट काय देऊ सर?" असं बोलल्या आणि स्वतःच थांबल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही नाही बोललो, या वेळी जमलं मला.

वही अजून आहे त्यांच्याकडे. परवा मागची पानं दाखवली, शेऱ्याचे रकाने खोडलेले आणि खाली बारीक अक्षरात, बेड १४, आजींना खारी नको, टोस्ट, दात दुखतात. नातवाला फोन लावून द्यायचाय.