ये-जा करणाऱ्या पोटुशीनं दवाखाना कसा निवडावा

अगं, धानोऱ्याहून रोज एसटीनं गडचिरोलीला जातेस, तर महिन्याची तपासणी तिथंच ठेव, सुट्या वाचतील. सरकारीत दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी फुकट असते, फक्त गर्दी लई!

बाळंतपणाचा दवाखाना निवडताना मात्र रात्रीचा विचार कर. रात्री दोनला सिझरची वेळ आली तर भूलतज्ज्ञ येतो का, रक्त मिळतं का, हे तोंडावर विचार. राग आला तर येऊ दे.

गावच्या नर्सबाईकडे नाव नोंदवच. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद पर्समध्येच राहू दे. तारीख पावसाळ्यातली असेल तर आठवडाभर आधी शहरात मुक्काम हलव, नाल्याला पूर आला की गाडीही अडकते. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं तर एसटीची वाट पाहू नको, १०८ लाव.