माशीचा स्नायू आणि आपला स्नायू: फॉस्फोलिपिड सारखेच का?

प्रश्न: फॉस्फोलिपिड (पेशीचं पटल ज्या चरबीसारख्या रेणूंचं बनतं ते) सगळ्याच प्राण्यांच्या पेशींत असतात म्हणे, मग माशीच्या आणि माणसाच्या स्नायूत फरक काय?

उत्तर: फरक आहे आणि चांगलाच मोठा आहे. आपल्या स्नायूंच्या पेशीपटलांत फॉस्फॅटिडिलकोलीन हा फॉस्फोलिपिडचा प्रकार सगळ्यात जास्त, आणि माश्यांमध्ये (घरमाशी, फळमाशी वगैरे) बरोबर उलटं, तिथे फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन हा दुसरा प्रकार पुढे. हे रेणू बनवायचा मुख्य रस्ता दोघांकडे एकच, जो १९५० च्या दशकात जीवरसायनशास्त्रज्ञ युजीन केनेडींनी उलगडला, पण आपलं लिव्हर इथॅनॉलअमाइनवाल्या रेणूला तीन मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे तुकडे) जोडून कोलीनवाला करू शकतं, बहुतेक कीटकांना ते जमत नाही म्हणून कोलीन त्यांना खाण्यातूनच मिळवावं लागतं.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते कार्डिओलिपिन, हेही एक फॉस्फोलिपिडच. १९४२ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी ते बैलाच्या हृदयातून वेगळं केलं, म्हणून नावात कार्डिओ. हे मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या एनर्जी बनवणाऱ्या भागाच्या) आतल्या पटलात असतं, आणि माशीचे उडायचे स्नायू म्हणजे मायटोकॉन्ड्रियांनी खच्चून भरलेले, कारण पंख सेकंदाला २०० च्या आसपास वेळा हलवायचे तर एनर्जी सतत पाहिजेच ना! टॅफाझिन नावाचं एन्झाइम कार्डिओलिपिनमधली फॅटी आम्लं बदलून त्याला नीट रूप देतं. माणसात त्याचं जीन बिघडलं की बार्थ सिंड्रोम हा आजार होतो, हृदय आणि स्नायू कमजोर पडतात, आणि फळमाशीत तेच जीन बिघडवलं तर तिलाही नीट उडता-चढता येत नाही, म्हणूनच या आजाराचा अभ्यास माशीवरही करतात.