पाळी चुकल्यावर फॉलिक ॲसिड सुरू केलं तर बाळाच्या मणक्यातला दोष टळतो का?

बहुतेकदा तोवर उशीर झालेला असतो. गोळी गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून हवी, रोज 400 मायक्रोग्रॅम, आणि पुढे बाराव्या आठवड्यापर्यंत. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती सुरुवातीला सपाट पट्टी असते. तिच्या कडा वर वळून शिवण घातल्यासारख्या जुळतात, आणि हे सगळं गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत उरकतं, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे! खाली फट राहिली की स्पायना बिफिडा, म्हणजे मणक्यातला हा दोष. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलच्या 1991 च्या चाचणीत, आधी असं मूल झालेल्या स्त्रियांमध्ये फॉलिक ॲसिडमुळे हा धोका 72 टक्क्यांनी घटला. मात्र तो डोस 4 मिलिग्रॅमचा, म्हणजे दहापट होता. तो डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा.